पट्टा चाकावरून का उतरत नाही? घरगुती बेल्ट ग्राइंडरमागचं गणित

बेल्ट ग्राइंडर म्हणजे एक खरखरीत पट्टा, तो ओढणारी मोटर आणि पट्ट्याला वाट दाखवणारी तीन-चार चाकं. घरी बांधायला घेणारे बहुतेक जण सुरुवात करतात सांगाड्यापासून: कुठला चौकोनी पाइप, किती जाडीची पट्टी, वेल्डिंग करायचं की नट-बोल्ट लावायचे, रंग कुठला द्यायचा. सांगाडा दिसायला ओबडधोबड झाला तरी यंत्र चालतं. चाक अर्धा मिलिमीटर जरी वाकडं फिरलं तरी पट्टा धडधडतो, हातातला तुकडा थरथरतो आणि घासलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणून या लेखात सांगाड्याला थोडी आणि चाकांना बरीच जागा दिली आहे.

दगडाचा साधा बेंच ग्राइंडर असताना हे यंत्र कशाला, असं कुणीही विचारेल. दगड गोल असतो, त्यामुळे त्यावर सपाट काही घासता येत नाही. तो भरतो, झिजतो, मध्येच खड्डा पडतो, मग त्याला पुन्हा सरळ करत बसा. पट्ट्यामागे सपाट आधार देता येतो, गोल चाक देता येतं किंवा काहीच न देता मोकळा लवचिक भागही वापरता येतो. नंबर, म्हणजे खरखरीतपणा, बदलायचा तर अर्ध्या मिनिटात पट्टा बदलला की झालं. शिवाय १५० मिमी व्यासाच्या दगडाचा परीघ साधारण ४७१ मिमी, तर ७२ इंची पट्टा १,८२९ मिमी लांब. वेग सारखाच धरला, तर पट्ट्यावरचा प्रत्येक कण जवळजवळ चौपट वेळाने कामावर परततो आणि मधल्या वेळात हवेत गार होतो. लांब पट्टा छोट्या पट्ट्यापेक्षा जास्त दिवस टिकण्यामागे लांबीमुळे वाढलेली कणांची संख्या आणि हा विसावा, दोन्ही आहेत.

पट्ट्यांची मापं ठरलेली असतात आणि यंत्र त्यांच्याभोवतीच बांधावं लागतं. सुऱ्या-पाती करणाऱ्यांमध्ये सर्वांत रुळलेलं माप म्हणजे २ × ७२ इंच. त्याखेरीज २ × ४८ आणि १ × ३० ही छोटी मापं आहेत आणि मेट्रिकमध्ये ५० × २००० मिमी. आपल्याला सगळ्या नंबरांचे पट्टे ज्या मापात सहज मिळतात, ते माप निवडावं. आधी यंत्र बांधून मग त्याला बसणारा पट्टा शोधत फिरणं हा उलटा कारभार झाला.

वेग आणि जोर यांची ओढाताण

पट्ट्याचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो: मोटरचे फेरे आणि मोटरवरच्या चाकाचा व्यास. बाकीची चाकं कितीही मोठी-लहान असली तरी वेगात फरक पडत नाही, ती नुसती सोबत फिरतात. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला ३.१४ ने गुणा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ६० ने भागा, की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची इंडक्शन मोटर साधारण २,८०० फेरे देते आणि चार पोलची १,४४० च्या आसपास. १०० मिमीचं चाक २,८०० फेऱ्यांवर फिरलं तर वेग येतो सेकंदाला सुमारे १४.७ मीटर. तेच चाक १,४४० वर फिरलं तर ७.५ मीटर.

आता शक्ती. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. शक्तीला वेगाने भागलं की पट्ट्यावर किती ओढ मिळते ते कळतं. सेकंदाला १५ मीटर वेग असेल तर एक हॉर्सपॉवरची मोटर पट्ट्याला सुमारे ५० न्यूटनने ओढू शकते, म्हणजे अदमासे ५ किलो वजनाएवढ्या जोराने. आणखी वेग हवा म्हणून कुणी मोटरवर २०० मिमीचं चाक चढवलं, तर वेग जातो २९ मीटरवर आणि ओढ उतरते निम्म्यावर. पट्टा भन्नाट पळताना दिसतो, पण पोलादाचा तुकडा जरा दाबला की मोटर घुसमटते. इंडक्शन मोटर क्षणभर तिच्या ठरीव ताकदीपेक्षा जास्त जोर देते हे खरं, पण त्या भरवशावर रोज दाबत राहिलं तर गुंडाळी जळते.

म्हणून ५० मिमी रुंद पट्ट्यासाठी एक हॉर्सपॉवर ही खालची मर्यादा धरावी. दीड ते दोन असेल तर हात मोकळा राहतो. एकाच वेगावर समाधान मानायचं असेल तर माझ्या मते सेकंदाला १२ ते १५ मीटर हा मधला मार्ग बरा: भरड काम अगदी रेंगाळत नाही आणि बारीक कामात तुकडा लगेच तापत नाही. हे तापणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. कार्बन पोलादाचं पातं कडक केल्यावर बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केलेलं, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं असतं. घासताना धारेवर निळा रंग दिसला तर तिथलं तापमान ३०० च्या घरात गेलं असं समजावं. तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आता ती धार टिकायची नाही. कडा जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. त्यामुळे शेवटच्या हातासाठी वेग कमी करता येणं ही चैन नव्हे, गरज आहे.

वेग कमी-जास्त करायचा उत्तम मार्ग म्हणजे थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह). हा डबा घरातली सिंगल-फेज वीज घेऊन तिची तीन फेज करतो आणि हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलतो. इथे तीन गोष्टी आधीच पाहाव्यात. कपॅसिटरवर चालू होणारी सिंगल-फेज मोटर यावर चालत नाही. २३० व्होल्ट आत घेणारा नेहमीचा व्हीएफडी बाहेरही २३० च देतो, त्यामुळे मोटरच्या पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा जोडणी दिलेली असायला हवी. आणि मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून फार कमी वेगावर तासन्‌तास चालवली तर तिला वाराच मिळत नाही. मोटर घ्यावी ती चारी बाजूंनी बंद, बाहेरून पंख्याने गार होणारी. ट्रेडमिलच्या किंवा वॉशिंग मशीनच्या जुन्या मोटरा फुकटात मिळतात आणि मोह होतो. पण त्यांतल्या पुष्कळशा उघड्या असतात. पंखा लोखंडाची भुकटी आत खेचतो, ती गुंडाळीवर बसते आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट होतं. व्हीएफडीलाही हाच धोका आहे, त्यामुळे तो धूळबंद पेटीत आणि ठिणग्यांच्या वाटेपासून लांब हवा.

फुगीर चाकाची करामत

आता मुख्य प्रश्न. सपाट चाकावर सपाट पट्टा वेगाने फिरतो आहे, दोन्ही बाजूंना काठ नाही, मग तो घसरून बाहेर का पडत नाही?

पडतो की! सगळी चाकं पूर्ण सपाट असतील तर काही फेऱ्यांतच पट्टा एका बाजूला सरकतो आणि उतरतो. त्यावर उपाय म्हणून मोटरचं चाक आणि ट्रॅकिंगचं, म्हणजे पट्ट्याची जागा ठरवणारं, चाक मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात. ५० मिमी रुंद चाकाचा व्यास कडांपाशी मध्यापेक्षा साधारण १ मिमीने कमी असला की पुरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं. उंचवट्यावर ठेवलेली वस्तू घरंगळून खाली जायला हवी, पट्टा वर कसा चढेल?

पट्टा समजा डाव्या उतारावर सरकला. त्याची उजवी कड आता मध्याजवळ, म्हणजे मोठ्या व्यासावर आहे आणि डावी कड लहान व्यासावर. पट्ट्याला उतारावर सपाट टेकून बसायचं असतं, त्यामुळे चाकाला भिडण्याआधीचा त्याचा भाग बाजूला किंचित वाकतो आणि त्याचा रोख मोठ्या व्यासाकडे होतो. चाक फिरतं तसा पट्ट्याचा पुढचा भाग आधीच्या भागापेक्षा केसभर उजवीकडे येऊन टेकतो, त्यापुढचा आणखी केसभर. असं करत पट्टा मध्यावर येतो. तिथे दोन्ही बाजूंचे उतार त्याला सारखेच आत ढकलतात आणि तो स्थिरावतो. हे सगळं पट्टा फिरत असतानाच घडतं, कारण सरकण्याचं काम नव्याने येऊन टेकणारा भाग करतो. चाकावर आधीच घट्ट बसलेला भाग जागचा हलत नाही.

काठाचं चाक करून पट्टा अडवू, असं काहींना वाटतं. काठाला घासून पट्ट्याची कड आधी उसवते, मग फाटते. फुगवटाही बेताचाच हवा. तो जास्त झाला तर सगळा ताण पट्ट्याच्या मधल्या भागावर येतो आणि दोन्ही कडा लुळ्या पडतात. प्लॅटनच्या (पट्ट्यामागच्या सपाट आधाराच्या) वर-खालची चाकं आणि कॉन्टॅक्ट व्हील, म्हणजे ज्यावर तुकडा घासतात ते गोल चाक, मात्र सपाटच ठेवायची, नाहीतर पट्ट्याचा फुगवटा कामाच्या तुकड्यावर उतरेल.

चाकं लेथवर ॲल्युमिनियमची करून घेतली तर उत्तम. बाहेरचा घेर आणि बेअरिंगचं घर एकाच पकडीत कापायला सांगावं. तुकडा उलटून पुन्हा पकडला की केंद्र हललंच म्हणून समजा. मोटरच्या चाकाचा बोअर, म्हणजे मधलं भोक, शाफ्टच्या मापाचा हवा. आयईसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणातल्या ८० फ्रेमच्या (आकाराच्या) मोटरचा शाफ्ट १९ मिमी असतो, ९० फ्रेमचा २४ मिमी. चावी (चाक शाफ्टवर अडकवणारा छोटा तुकडा) बसवायला खाच आणि वरून एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, एवढं असलं की चाक हलत नाही. लेथ नसेल तर प्लायवुडच्या चकत्या एकावर एक चिकटवूनही चाक होतं. ते मोटरवर चढवायचं, समोर भक्कम आधार बांधायचा आणि ठोकळ्यावर चिकटवलेल्या भरड पॉलिश पेपरने मोटर फिरवत हलक्या हाताने गोल करायचं. फुगवटाही याच पद्धतीने येतो. चाक त्याच शाफ्टवर गोल झाल्यामुळे केंद्राची चूक आपोआप निघून जाते. लाकडाला वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत, नाहीतर दमट हवेत ते फुगून पुन्हा अंडाकृती होतं.

बेअरिंगच्या मधली नळी

मोकळ्या फिरणाऱ्या लहान चाकांचे फेरे मोटरपेक्षा जास्त असतात, हे चटकन लक्षात येत नाही. पट्टा सेकंदाला १५ मीटरने पळत असेल तर ५० मिमीचं चाक मिनिटाला जवळपास ५,७०० फेरे घेतं. त्यामुळे बेअरिंग चांगल्या प्रतीचंच लावावं आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे नावापुढे २आरएस लिहिलेलं, घ्यावं. पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग या धुळीत फार दिवस काढत नाही. ६२०१ (आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३२) किंवा ६२०३ (१७ आणि ४०) ही मापं या कामाला सोयीची आहेत.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग बसतात आणि मधून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. बाहेरच्या कड्या चाकात अडकलेल्या असल्यामुळे जागेवरच राहतात. आतमध्ये काही आधार नसेल तर गोळ्यांवर बाजूने दाब येतो, चाक जड फिरतं, बेअरिंग तापतं आणि थोड्याच दिवसांत ओरडू लागतं. म्हणून दोन आतल्या कड्यांच्या मध्ये बरोबर मापाची नळी टाकतात. चाकातल्या दोन्ही बेअरिंगच्या टेकण्यांमधलं जे अंतर, तेवढीच तिची लांबी. किंचित जास्त, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, चालेल. कमी मुळीच नको. बाहेरच्या बाजूचं वॉशरही आतल्या कडीवरच टेकेल इतकं लहान हवं. मोठं वॉशर सीलवर घासतं. तपासणी सोपी आहे: नट आवळायच्या आधी चाकाला बोटाने टिचकी मारा, आवळल्यावर पुन्हा मारा. दोन्ही वेळा सारखंच फिरलं पाहिजे.

मांडणी, ताण आणि ट्रॅकिंग

कामाच्या जागी पट्टा वरून खाली धावला पाहिजे, म्हणजे ठिणग्या आणि तुकडा दोन्ही खाली ढकलले जातात. सिंगल-फेज मोटर विकत घेण्याआधी ती कुठल्या दिशेने फिरते आणि दिशा उलटवता येते का, हे बघून घ्यावं. पट्ट्याची वाट अशी: प्लॅटनवरून खाली, तिथून मागे मोटरच्या चाकाकडे, मग वर ट्रॅकिंगच्या चाकावर आणि पुन्हा प्लॅटनकडे. मोटर पट्टा ओढते तो भाग ताठ असतो आणि सोडते तो भाग सैल. पट्टा ताणून धरणारा स्प्रिंगचा हात सैल भागावर येईल अशीच मांडणी ठेवायची. ताठ भागावर ठेवला तर तुकडा दाबताच स्प्रिंग दबते आणि पट्टा मोटरच्या चाकावर घसरतो.

चाकांच्या जागा कागदावर गणित करून काढता येतात, पण त्यापेक्षा एका फळीवर पुठ्ठ्याच्या चकत्या खिळ्यांनी ठोकून त्यांवर प्रत्यक्ष पट्टा चढवून बघणं जास्त खात्रीचं. ताणाच्या हाताला वर-खाली निदान ५० मिमी वाव ठेवा. एकाच मापाचे दोन पट्टे तंतोतंत सारख्या लांबीचे नसतात, शिवाय पट्टा बदलताना हात खाली दाबून चाक सैल करावं लागतं.

सांगाड्याचं काम एवढंच की सगळ्या चाकांचे मध्य एका पातळीत आणि सगळे आस एकमेकांना समांतर राहावेत. जाड पट्टीवर सगळं बोल्टने बसवलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने काही वाकत नाही, म्हणून मला तो मार्ग आवडतो. वेल्ड करायचं असेल तर आधी सगळीकडे टाके मारा, गुण्या लावून प्रत्येक आस तपासा आणि मगच पूर्ण जोड भरा.

ट्रॅकिंगच्या चाकाचा आस एका छोट्या बिजागरीवर असतो आणि मागून एक लांब आट्यांचा स्क्रू त्याला दोन-तीन अंश कलवतो. चाक कललं की पट्टा तिरपा येऊन टेकतो आणि एका बाजूला चालू लागतो. फुगवट्याने पट्टा स्थिर राहतो, कलाने आपण त्याला हवी ती जागा देतो. पात्याच्या मुठीजवळच्या खांद्यापाशी काम करताना पट्ट्याची कड प्लॅटनच्या कडेबाहेर दोन मिमी काढून ठेवावी लागते, तेव्हा हाच स्क्रू कामाला येतो. बिजागरीत यत्किंचितही खेळ असता कामा नये. पट्ट्याचा ताण तिला कायम स्क्रूवर दाबून धरेल अशी रचना केली तर स्क्रू स्वतःहून सैल होत नाही.

प्लॅटन म्हणजे पट्ट्यामागची सपाट पाठ. ती वरच्या-खालच्या चाकांच्या रेषेपेक्षा एक-दोन मिमी पुढे हवी, नाहीतर पट्टा तिच्यावर टेकणारच नाही. वरची कड गोल करा, म्हणजे पट्ट्याचा जोड तिथे ठोकर खात नाही. साध्या पोलादाचं प्लॅटन मध्यभागी झिजून खोलगट होतं. त्यावर काचेच्या शेगडीला वापरतात त्या जातीची ग्लास-सिरॅमिक पट्टी इपॉक्सीने चिकटवली तर झीज खूप कमी होते. पट्टी खाली घसरू नये म्हणून तळाशी एक छोटा टेकू द्यावा, कारण तापल्यावर इपॉक्सी मऊ होतं. पुढचं टेबल पट्ट्यापासून दोन-तीन मिमीवर ठेवा. त्यापेक्षा मोठ्या फटीत तुकडा खेचला जातो आणि त्याच्यामागे बोट.

धूळ, ठिणग्या आणि पहिली फेरी

पोलादाच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एकत्र साठले की आग लागते. ती लगेच दिसतही नाही, आत धुमसत राहते. लाकूड घासून झालं की सगळं झाडून मगच लोखंडाला हात लावावा. प्लॅटनखाली पाण्याची बादली ठेवली की ठिणग्या बऱ्यापैकी अडतात. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याची बारीक भुकटी लोखंडाच्या गंजाशी मिसळली तर ठिणगीने पेट घेऊ शकते आणि पाण्यात पडली तर हायड्रोजन सोडते. म्हणून ॲल्युमिनियम या यंत्रावर न घासलेलं बरं, आणि मॅग्नेशियम तर नकोच. नाकाला बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क आणि डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा. सैल हातमोजे घालू नयेत, पट्ट्याने पकडले तर हात सुटत नाही. बहुतेकांना त्यांशिवाय तुकड्याची उष्णताही चटकन जाणवते आणि तो वेळेवर पाण्यात बुडवला जातो.

वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच बसवा. बंद करायचं लाल बटण गुडघ्याने किंवा कोपराने दाबता येईल अशा जागी हवं. व्हीएफडी असेल तर हे बटण त्याच्या कंट्रोलच्या तारांवर लावायचं. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच घालू नये, मोटर चालू असताना ती वाट तोडली तर व्हीएफडी जळू शकतो. मोटर आणि सांगाडा दोन्हींना अर्थिंग द्यायला विसरू नका.

पहिल्या फेरीला जुना, झिजलेला पट्टा चढवा. पाठीवर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा, उलटा लावला तर जोड उसवतो. मोटर लावण्याआधी चाक हाताने फिरवत राहा आणि पट्टा कुठल्या बाजूला जातो ते बघून ट्रॅकिंगचा स्क्रू थोडा-थोडा फिरवा. पाच-सहा फेरे पट्टा एकाच जागी राहिला की मोटर क्षणभर चालू करून लगेच बंद करा. त्या वेळी उभं राहायचं ते यंत्राच्या बाजूला, पट्ट्याच्या रेषेत नाही, कारण जोड तुटला तर पट्टा त्याच रेषेत फेकला जातो. क्षणभराच्या चाचणीत काही बिघडलं नाही तर यंत्र दहा मिनिटं मोकळं चालवा, बंद करून प्लग काढा आणि प्रत्येक चाकाच्या बेअरिंगपाशी हात लावून बघा. एखादंच बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचा नट सोडून मधल्या नळीची लांबी पुन्हा मोजा.